मजकुराची सुतारकी : प्रस्तावना

लेखन आणि संपादन ही दोन्ही कामे कच्च्या मालापासून सुरू होतात आणि वापराच्या वस्तूपाशी येऊन थांबतात. आठवणी, टिपणे, ऐकलेले बोलणे, कागदपत्रे हा झाला माल. वाचता येईल असा लेख किंवा पुस्तक ही झाली वस्तू. या दोहोंच्या मधे जे घडते त्याला मराठीत बहुधा दोनच नावे दिली जातात: एक प्रतिभा आणि दुसरे शुद्धलेखन. प्रतिभा शिकवता येत नाही असे मानले जाते, आणि शुद्धलेखन शाळेतच आटोपले असे. प्रत्यक्षात त्यांच्या मधे फार मोठी कारागिरी पसरलेली आहे. माल पारखणे, मापणे, कापणे, सांधणे, तासणे आणि सर्वांत शेवटी घासूनपुसून चकचकीत करणे असा तिचा क्रम आहे. हाच क्रम सुतारकामाचा आहे, आणि त्या कामाच्या आधाराने लेखन-संपादन समजावून देण्याचा हा प्रयत्न आहे. उदाहरणांसाठी कोलाड आणि भोवतालचा रोहा-पेणचा मुलूख निवडला आहे.

लेखकाला सुताराच्या पंगतीला बसवणे नवे नाही. कोलंबियाचे कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस यांनी १९८१ साली ‘पॅरिस रिव्ह्यू’मध्ये आलेल्या मुलाखतीत साहित्य म्हणजे अखेर सुतारकामच, असे मत मांडले होते. वास्तव हे लाकडाइतकेच टणक असते, असे त्यांचे म्हणणे. आपण स्वतः कधी सुतारकाम केलेले नाही, हेही त्यांनी तिथेच सांगून टाकले. बहुतेक लेखकांची तुलना अशीच लांबून केलेली असते, म्हणून ती शोभेपुरती राहते. तिचा खरा उपयोग व्हायचा तर लाकूड कसे वागते इथपासून सुरुवात करावी लागते.

कोलाड हे कुंडलिकेच्या काठचे, मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव. कोकण रेल्वेने रोहा सोडले की पहिले स्थानक कोलाडचे. बाहेरच्यांना ते राफ्टिंगमुळे माहीत असते; घर बांधणाऱ्याला मात्र तिथला पाऊस आधी आठवतो. रायगड जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा हवेत लाकूड स्वस्थ राहत नाही. लांबीत ते फारसे वाढत-घटत नाही, पण रुंदीत दमट हवा शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आखडते. म्हणून जाणता सुतार पॅनेलचे दार करताना मधली फळी चारही बाजूंच्या खाचांत नुसती बसवतो. तिला सरस लावत नाही, खिळा ठोकत नाही. बाहेरची चौकट मात्र कूस काढून, खाचेत घट्ट बसवून, गुण्यात आवळून घेतो. फळीला हलायला जागा हवी आणि चौकट ढळता कामा नये. फळी खिळ्याने जखडली तर दोन पावसाळ्यांत तिला उभी चीर जाते, आणि दोष मात्र लाकडाला दिला जातो.

मजकुराचेही असेच असते. पेण, अलिबाग, उरण या पट्ट्यात आगरी बोली आहे. डोंगराकडे कातकरी आणि ठाकर वस्त्यांचे बोलणे वेगळे. या भागातल्या लेखकाने कथा लिहिली तर निवेदन प्रमाण मराठीत आणि माणसांचे बोलणे त्यांच्या बोलीत, अशी तिची रचना बहुधा होते. निवेदनाची चौकट पक्की हवी: काळ एक, दृष्टी एक, लेखनाचे नियम एक. संवादांची फळी मात्र सैल सोडावी लागते. ‘शुद्ध’ करण्याच्या भरात संपादकाने संवादही प्रमाण भाषेत आणले, तर पात्रे एकाच शाळेत शिकल्यासारखी बोलू लागतात. उलट बोलीच्या प्रेमापोटी निवेदनही सैल सोडले, तर वाचकाला धरायला काही उरत नाही. मराठी साहित्य महामंडळाने ठरवलेल्या लेखननियमांनीही ही जागा ठेवली आहे: संवादात ‘केलं’, ‘गेलं’ अशी उच्चारानुसारी रूपे चालतात, एरवी ‘केले’, ‘गेले’ लिहायचे.

लाकडाला रेषा असतात. रंधा रेषांच्या दिशेने चालला तर साल लांब आणि अखंड निघते; उलटा चालवला तर तंतू उचकटतात आणि पृष्ठभाग खरबरीत होतो, धार कितीही चांगली असो. लेखकाच्या विचाराच्या रेषाही अशाच पाहून घ्याव्या लागतात. कुणी प्रसंगातून विचाराकडे जातो, कुणी आधी विधान करतो आणि मग दाखले देतो. कुणाची वाक्ये श्वास घेत लांबतात, कुणाची तुटक असतात. पहिल्या वाचनात संपादकाने हातात पेन न घेण्याची जुनी शिस्त याचसाठी आहे. साग, शिवण, ऐन, फणस यांना एकच रंधा आणि एकच जोर चालत नाही. शिवणीचे लाकूड हलके आणि वाकडे न होणारे, म्हणून कोरीव कामाला बरे. ऐन जड, तुळयांना योग्य. बाभूळ चिवट, म्हणून औतांना. आत्मकथन, अहवाल, पाककृती आणि अग्रलेख यांतही तेवढाच फरक आहे, आणि तो न ओळखता सगळ्यांना एकाच मापाने काटणारा संपादक मजकुराचे नुकसान करतो.

तुलना एका जागी थांबते, आणि ती जागा महत्त्वाची आहे. आखूड कापलेली फळी पुन्हा लांब होत नाही. मजकुरातले गाळलेले वाक्य परत घालता येते, मात्र आधीची प्रत जपून ठेवली असेल तरच. मराठी संपादनाचा इतिहास पुष्कळसा याच ‘तर’वर उभा आहे.

तो सुरू होतो तेराव्या शतकात. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी १२७८च्या सुमारास ‘लीळाचरित्रा’त संकलित केल्या. ऐकीव गोष्ट जशीच्या तशी न घेता त्यांनी ती ज्यांनी पाहिली-ऐकली त्यांच्याकडे जाऊन पडताळली, नागदेवाचार्यांच्या नजरेखालून घातली आणि दोन सांगणाऱ्यांत फरक पडला तर तो नोंदवला. हे संकलन म्हणजे संपादनच आहे, आणि आजच्या पुष्कळ चरित्रग्रंथांपेक्षा काटेकोर. पुढे धामधुमीत मूळ पोथी हरवली. शिष्यांनी आठवणीवरून ती पुन्हा सिद्ध केली, आणि एकाच ग्रंथाचे अनेक पाठ झाले. वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती १९७८ साली प्रसिद्ध झाली, म्हणजे ही जुळवाजुळव सातशे वर्षे चालू राहिली. ज्ञानेश्वरीची गोष्ट यासारखीच. १२९०च्या या ग्रंथात हस्तलिखितांच्या परंपरेत भर आणि चुका साचत गेल्या. एकनाथांनी १५८४ साली प्रती ताडून तिची शुद्ध प्रत तयार केली आणि पुढे कुणी तीत आपली ओवी घालू नये, असे बजावून ठेवले. मूळ लाकूड कोणते आणि मागाहून ठोकलेली पट्टी कोणती, हे ओळखण्याची ही नजर होती.

मराठीत मुद्रण रुजू लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला छापले गेले. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाप्रेसवर पंचांग छापले. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ साली निघाले. तंत्र बदलले तरी सवय लगेच बदलली नाही. आरंभीच्या कितीतरी छापील पोथ्या सुट्या, आडव्या पानांच्याच होत्या. घाटावरच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून दगडी छताला लागून आहेत. छताचा भार त्या पेलत नाहीत. लाकडी इमारतींची सवय लागलेल्या डोळ्यांसाठी त्या बसवल्या आहेत. छापील मराठीतही कीर्तनाची, पोथीवाचनाची लय अशीच बराच काळ टिकून राहिली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’पर्यंत (१८७४) येताना गद्य स्वतःच्या पायांवर उभे राहिलेले दिसते. त्याच सुमारास, १८६९ आणि १८७३ मध्ये, तुकारामांची गाथा विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी हस्तलिखिते ताडून दोन खंडांत संपादित केली.

तिथून पुढे मराठी संपादनाच्या वाटा फुटत गेल्या, आणि नवख्या वाचकाने त्या वेगळ्या ओळखणे गरजेचे आहे.

पाठशोधनाची वाट सर्वांत जुनी आणि शिस्तीची. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. १९२५ साली सूत्रे हाती घेतलेल्या वि. स. सुखटणकर यांनी तिची पद्धत घालून दिली आणि कामासाठी १,२५९ हस्तलिखिते ताडली गेली. इथे संपादकाने स्वतःची एकही रेघ ओढायची नसते. दुसरी वाट कोशकारांची. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा २३ खंडांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ १९२०च्या दशकात निघाला, आणि पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली ‘मराठी विश्वकोशा’चे काम उभे राहिले. शेकडो हातांनी लिहिलेल्या नोंदी एकाच मापाच्या करणे हे या वाटेचे कौशल्य. चिरेबंदी वाड्याचे सगळे वासे एका जाडीचे काढण्याइतके ते अवघड आहे आणि तितकेच कमी वाखाणले जाते.

तिसरी वाट मासिकांची, आणि मराठी साहित्य घडवण्यात तिचा वाटा सर्वांत मोठा. का. र. मित्र यांनी १८९५ साली ‘मनोरंजन’ काढले आणि १९०९ साली पहिला दिवाळी अंक दिला. ‘किर्लोस्कर’ मासिकाच्या शंकरराव किर्लोस्करांनी लेखकाला विषय सुचवून लिहिते करण्याची रीत रुजवली. या रीतीला कळस चढला तो ‘सत्यकथे’त. तिचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना लांबलचक पत्रे लिहून कथेतला सांधा कुठे सुटला आहे ते दाखवत. दुरुस्ती मात्र लेखकानेच करायची. खर्डा दोनदा-तीनदा परत जाई. कथा चौकटीत न बसवता चौकटच कथेतून निघावी, असा हा आग्रह होता, आणि मराठी नवकथा त्या आग्रहाची फार ऋणी आहे. त्यावर आक्षेपही कडक आले. लघुनियतकालिकांच्या चळवळीतील अशोक शहाणे, राजा ढाले, भालचंद्र नेमाडे यांना ही अभिरुची एका वर्गाची आणि गुळगुळीत करणारी वाटली. ‘सत्यकथे’च्या अंकाची होळीही झाली. या वादात एक बाब विसरली जाते. त्याच शहाण्यांनी ‘प्रास प्रकाशना’ची पुस्तके विरामचिन्हापर्यंत काटेकोर छापली. विरोध होता तो कुणाच्या आवडीने कापायचे याला. नीट कापण्याला नव्हता. १९७८ साली ‘ग्रंथाली’ने काढलेल्या दया पवारांच्या ‘बलुतं’सारख्या पुस्तकांनी तर कोणते लाकूड घरात घेण्याजोगे, हा प्रश्नच नव्याने मांडला. १९८२ साली ‘सत्यकथा’ बंद झाली, पण किती काटावे हा वाद कुठेच मिटलेला नाही. अमेरिकेत रेमंड कार्व्हर यांच्या कथा त्यांचे संपादक गॉर्डन लिश यांनी इतक्या छाटल्या होत्या की लेखकाच्या मूळ लांबीच्या कथा २००९ साली ‘बिगिनर्स’ या नावाने वेगळ्या छापाव्या लागल्या.

चौथी वाट प्रमाणलेखनाची. महामंडळाने १९६२ साली चौदा नियम ठरवले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’, यास्मिन शेख यांची ‘मराठी लेखन मार्गदर्शिका’ ही पुस्तके मुद्रितशोधकाच्या टेबलावर असावीतच. पण हे काम रंध्यानंतरच्या घासकामाचे आहे. मराठी व्यवहारात संपादन म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ सुधारणे एवढेच उरले, हे मोठे दुर्दैव आहे. सांधा हलत असताना पॉलिश करण्यात अर्थ नसतो.

या मुलखाने या कारागिरीला एक उत्तम नमुना दिला आहे. विनोबा भावे यांचा जन्म पेण तालुक्यातल्या गागोदे गावचा, १८९५ सालचा. धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी एक याप्रमाणे त्यांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती बोलणे चालू असतानाच लिहून घेतली. ‘गीता प्रवचने’ वाचताना समोर बसून ऐकल्यासारखे वाटते, वाक्ये आखूड आणि दाखले रोजच्या जगण्यातले. साने गुरुजी स्वतः अतिशय भावुक शैलीचे लेखक, तरी त्यांचा सूर तिथे कुठे घुसत नाही. दुसऱ्याच्या लाकडाच्या रेषेने रंधा चालवणे म्हणजे काय, याचे इतके स्वच्छ उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल. विनोबा स्वतःच्या लेखनाबाबतही तितकेच चिकाटीचे. गीतेचा मराठी अनुवाद असलेली ‘गीताई’ त्यांनी ७ ऑक्टोबर १९३० रोजी सुरू केली आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी पुरी केली, आणि पुढेही शब्द बदलत राहिले.

रोजच्या मजकुरात ही कारागिरी कशी चालते, हे एका वाक्यावर पाहता येते. समजा एका खर्ड्यात असे वाक्य आहे: ‘कोलाड परिसरामध्ये पावसाळ्याच्या दिवसांमध्ये मोठ्या प्रमाणावर होत असलेल्या पावसामुळे घरांच्या दरवाज्यांचे लाकूड फुगण्याची प्रक्रिया होत असल्याचे दिसून येते.’ व्याकरणाची एकही चूक नाही. शुद्धलेखन तपासणारा ते तसेच सोडेल. पण ‘पावसाळा’ आणि ‘पाऊस’ यांत एकच गोष्ट दोनदा आली आहे, ‘मोठ्या प्रमाणावर’ काही मोजत नाही, आणि ‘प्रक्रिया होत असल्याचे दिसून येते’ हा नुसता भुसा आहे. तासल्यावर उरते: ‘पावसाळ्यात कोलाडला घरांची दारे फुगतात.’ इथे हात थांबवायला हवा. उत्साही संपादक पुढे लिहील: ‘पावसाळ्यात कोलाडला दारे फुगतात आणि चौकटीत अडकतात.’ वाक्य जास्त चांगले झाले, पण दारे अडकतात हे लेखकाने सांगितलेले नाही. ते खरे असेलही. तरी ती भर आहे, आणि समासात प्रश्न विचारून लेखकाकडून होकार आल्याशिवाय ती घालता येत नाही. कदाचित लेखक उत्तर देईल की जुन्या सागाची दारे अडकत नाहीत, अलीकडची अडकतात. आणि मग त्या एका प्रश्नातून लेखाला नवा परिच्छेद मिळेल. चांगल्या संपादनातला मोठा भाग असा विचारण्यात जातो.

आज या विषयाची निकड वाढण्याची कारणे सरळ आहेत. अक्षरांचे खिळे जुळवणारा, प्रूफ वाचणारा, पुन्हा प्रूफ वाचणारा, मग मशीनवर जाणारा फर्मा अशी चाळण छापखान्यात होती. डीटीपी आल्यावर तिच्यातले बरेच हात गेले, आणि मोबाइलवर लिहून तिथेच प्रसिद्ध होणाऱ्या मजकुराला एकही हात लागत नाही. जुन्या फॉन्टमधल्या फाइली युनिकोडमध्ये आणताना रफार आणि जोडाक्षरे भलतीकडे जातात. ती कुणी तपासली नाहीत तर तशीच छापली जातात. यंत्राने केलेले भाषांतर आणि यंत्राने लिहिलेला मजकूर हे याहून नवे आव्हान आहे. तो मजकूर तयार फ्लश डोअरसारखा असतो: सगळीकडे एकसारखा गुळगुळीत, वरून गाठ नाही की रेषा नाही. स्वस्त आणि झटपट मिळतो म्हणून लोक तो घेणारच. पण आत काय भरले आहे हे ठोकून पाहणारा माणूस आता पूर्वीपेक्षा जास्त लागेल.

हे कौशल्य फक्त साहित्यिकांना लागते असेही नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाड्या’त (१९१५) सुतार दिसतो तो बलुतेदार म्हणून; औते दुरुस्त करून देणे हे त्याचे मुख्य काम आणि त्याबद्दल धान्याच्या रूपात मोबदला. देवळाचे नक्षीकाम क्वचितचे, मोडलेला नांगर रोजचा. लेखनातही कादंबरी क्वचितची आणि अर्ज, इतिवृत्त, अहवाल, माहितीपत्रक रोजचे. ग्रामसभेचे इतिवृत्त संदिग्ध लिहिले गेले तर ठराव नेमका काय झाला यावर वर्षभर भांडण चालते. औषधाच्या पत्रकात ‘दिवसातून दोन वेळा’ आणि ‘दोन गोळ्या’ यांची जागा चुकली तर परिणाम शरीरावर होतो. हे मजकूर नीट उभे करण्याला या पुस्तकात कथालेखनाइतकेच, काही ठिकाणी जास्तच, स्थान दिले आहे.

म्हणून पुस्तकाची मांडणी साहित्यप्रकारांनुसार केलेली नाही. कामाच्या क्रमानुसार केली आहे. आधी माल: मुलाखत कशी घ्यावी, टिपणे कशी ठेवावीत, ओला खर्डा वाळायला किती काळ बाजूला ठेवावा. मग माप आणि आराखडा, मग काप आणि सांधा, आणि शुद्धलेखन सर्वांत शेवटी. शेवटी ठेवले म्हणून त्याला कमी लेखलेले नाही. लेखननियमांची सविस्तर चर्चा तिथे आहे. संपादक आणि लेखक यांचा पत्रव्यवहार कसा असावा यावर स्वतंत्र भाग आहे, कारण मराठीत पहिलेच पुस्तक लिहिणारे कित्येक जण संपादकाच्या खुणांनी दुखावतात आणि कित्येक संपादक खुणेचे कारण सांगत नाहीत. कवितेचे संपादन मुद्दाम वगळले आहे. तिथे एक शब्द हलवला तरी वस्तूच बदलते, आणि त्याचे नियम वेगळ्या पुस्तकात मांडावे लागतील. पटकथा आणि जाहिरातलेखनही घेतलेले नाही.

अभ्यासासाठी दिलेले खर्डे या पुस्तकासाठीच लिहिलेले आहेत आणि त्यांचे विषय बहुतेक करून रोहा-कोलाड-पेण परिसरातले आहेत: भातशेती, पेणच्या गणपतीच्या मूर्तींचा व्यवसाय, कुंडलिकेचे पाणी, जुन्या घरांची दुरुस्ती. अखेरच्या भागात एकच लेख पाच रूपांत छापला आहे: टिपण, पहिला खर्डा, समासातल्या प्रश्नांसह संपादकाची प्रत, लेखकाची उत्तरे घेऊन झालेला दुसरा खर्डा आणि छापील रूप. गाळलेला मजकूर त्यात रेघ मारून तसाच ठेवला आहे, म्हणजे एखादा निर्णय चुकीचा वाटला तर वाचकाला ते वाक्य परत बसवून पाहता येईल.